१९ हजार की ४२ हजार? पार्सलच्या गाडीवरच्या एका चालकाचं प्रकरण

भोसरी परिसरातल्या एका पतसंस्थेत मी कर्जाची प्रकरणं बघतो. गेल्या पाच-सहा वर्षांत माझ्या टेबलावर येणाऱ्या वाहनकर्जाच्या फायलींत रिक्षा कमी झाल्या आणि पार्सलच्या गाड्या वाढल्या. या प्रत्येक फायलीत एक प्रश्न असतो, पण अर्जाच्या कुठल्याच रकान्यात तो छापलेला नसतो. हा माणूस अजून दहा वर्षं हेच काम करेल का, आणि त्याचं अंग त्याला ते करू देईल का?

पुढचं प्रकरण संबंधित माणसाला विचारून लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे त्याच्या वहीतले आहेत आणि थोडे गोल केले आहेत. हबवरची (पार्सलं जिथून वाटायला निघतात त्या गोदामातली) पोरं त्यांना ‘दादा’ म्हणतात, इथेही तेच नाव ठेवतो.

पार्श्वभूमी

दादा मूळचे अंबाजोगाई तालुक्यातले. वडिलोपार्जित कोरडवाहू तुकडा, दोन भाऊ. २००८ साली वयाच्या बाविसाव्या वर्षी ते भोसरी एमआयडीसीत आले आणि एका प्रेस शॉपमध्ये (पत्र्याचे भाग दाबून बनवणाऱ्या कारखान्यात) कंत्राटदारामार्फत लागले. पहिली काही वर्षं कागदावर काहीच नव्हतं. जानेवारी २०१३ पासून पीएफ कापला जाऊ लागला. २०२०च्या टाळेबंदीत मशिनी थांबल्या आणि मे महिन्यात कंत्राटदाराने ‘सध्या येऊ नका’ म्हणून कळवलं. ते ‘सध्या’ काही संपलं नाही.

जूनमध्ये चुलतभावाच्या ओळखीने ते मोशीजवळच्या एका हबवर दुचाकीवर पार्सल मारायला लागले. पार्सलमागे १३ रुपये, पेट्रोल स्वतःचं, गाडी स्वतःची. त्या दिवसांत लोक घरातून बाहेर पडत नव्हते, त्यामुळे दिवसाला ऐंशी-नव्वद पार्सलं सहज निघत. पिंपळे सौदागर आणि रहाटणीतल्या सोसायट्या त्यांना पाठ झाल्या. कुठल्या बिल्डिंगची सर्व्हिस लिफ्ट बंद असते, कुठला वॉचमन गेटवरच पार्सलं ठेवून घेतो, कुठल्या बाई ओटीपी द्यायला दहा मिनिटं लावतात, हे सगळं डोक्यात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये हबच्या एका वेंडरने, म्हणजे हबला गाड्या पुरवणाऱ्या ठेकेदाराने, त्यांना आपल्या छोट्या हत्तीवर (छोट्या मालवाहू टेम्पोवर) घेतलं. हातात १९,००० रुपये, महिन्याला चार सुट्ट्या, डिझेल-मेंटेनन्स मालकाचा. दुचाकीवर सगळे खर्च जाऊन साधारण तेवढेच सुटत होते, पण पाऊस अंगावर येत नव्हता आणि पाठीवर बॅग नव्हती. दादांच्या भाषेत, ‘खुर्ची मिळाली.’

अडचण

जुलै २०२३ मध्ये दादा माझ्याकडे आले ते शोरूमचं कोटेशन घेऊनच. वेंडरने त्यांना सांगितलं होतं, ‘स्वतःची गाडी लाव, महिन्याला ४२ हजार देतो.’ सीएनजीची नवी छोटी गाडी, साडेपाच लाखांचं कर्ज, साठ महिने.

‘साहेब, एकोणीसच्या जागी बेचाळीस. गाडी आपली झाली की मालक बी आपणच.’

त्यांच्या डोक्यात हिशेब सरळ होता, आणि तो चुकीचा का आहे हे पहिल्या भेटीत मलाही नीट सांगता आलं नाही. बेचाळीस हजार ही गाडी आणि माणूस दोघांची मिळून किंमत आहे. गाडीने किती खाल्लं हे काढल्याशिवाय माणसाच्या वाट्याला काय आलं ते कळत नाही.

दुसरी अडचण वयाची. दादा तेव्हा ३७ वर्षांचे होते. रोज शंभर थांबे, म्हणजे शंभर वेळा गाडीतून उतरायचं, शंभर वेळा चढायचं, त्यातले निम्मे जिने. उजवा गुडघा संध्याकाळी सुजतो असं ते सहज बोलून गेले. अर्जात आजाराच्या रकान्यात मात्र ‘निरंक’ लिहिलं होतं.

तिसरी गोष्ट मी पासबुक मागितल्यावर निघाली. वेंडरकडे पहिल्या सतरा महिन्यांत पगारातून पीएफ दर महिन्याला कापला गेला होता, खात्यावर मात्र अकराच महिन्यांचा जमा दिसत होता. आणि त्याआधीचा, कारखान्यातला सात वर्षं चार महिन्यांचा पीएफ त्यांनी ऑगस्ट २०२० मध्ये पूर्ण काढला होता. घरभाडं थकलं होतं, धाकट्याला दवाखान्यात ठेवलं होतं. सायबर कॅफेवाल्याने पीएफच्या अर्जाबरोबर पेन्शनचा १०-सी फॉर्मही भरून दिला आणि दादांनी अंगठा टेकवला. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. ती सात वर्षं चार महिने थोड्या रोख रकमेच्या बदल्यात पुसली गेली. त्याच फॉर्मवर पैशाऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेता येतं आणि ती सेवा पुढच्या नोकरीत जोडून घेता येते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

समोरचे पर्याय

आम्ही तीन संध्याकाळी बसलो. तिसऱ्या वेळी मी वहिनींनाही बोलावलं, कारण घर त्या चालवतात आणि एका मेसमध्ये पोळ्या लाटून महिन्याला सहा-सात हजार आणतात. हिशेब त्यांचाच जास्त पक्का निघाला.

पहिला पर्याय नव्या गाडीचा. साडेपाच लाख, १३ टक्के, साठ हप्ते, म्हणजे हप्ता साडेबारा हजार. वेंडरची अट रोज ८० किलोमीटरपर्यंत, २६ दिवस, म्हणजे महिन्याला दोन हजारांवर किलोमीटर. भरलेली गाडी शहरात किलोला अठरा देते असं धरलं आणि सीएनजीचा भाव नव्वदच्या आसपास, तर गॅस १०,४००. विमा व्यावसायिक गाडीचा, वर्षाला तीस हजारांच्या घरात, म्हणजे महिन्याला अडीच. (यातला तब्बल १६ हजारांचा भाग नुसता थर्ड पार्टीचा असतो, तो कुणालाच चुकत नाही.) टायर, सर्व्हिसिंग, क्लच-ब्रेक मिळून अडीच. पासिंग आणि किरकोळ पाचशे.

बेरीज २८,४००. बेचाळीसमधून वजा केल्यावर उरतात १३,६००.

वहिनींनी कागद आपल्याकडे ओढून घेतला, बेरीज पुन्हा केली आणि दादांकडे बघितलं. ‘म्हणजे आत्ता एकोणीस मिळतात ते सोडून तेरा घ्यायचे?’ दादा म्हणाले, ‘पाच वर्षांनी गाडी आपली.’ वहिनी म्हणाल्या, ‘पाच वर्षांनी गाडी पाच वर्षांची झालेली असंल.’

दुसरा पर्याय जुन्या गाडीचा. २०१९ची सीएनजी गाडी, एकाच मालकाची, ३,६०,००० रुपयांत मिळत होती. कर्ज अडीच लाख, छत्तीस हप्ते, हप्ता ८,४२४. दुरुस्तीला हजार रुपये जास्त धरले तरी हातात साडेसोळा हजारांच्या वर राहत होते. पगारापेक्षा अडीच हजारांनी कमी, पण तीन वर्षांनी हप्ता सुटला की पंचवीस.

तिसरा, आहे तिथेच राहायचं आणि पीएफचं भांडण नीट करायचं. सगळ्यांत कंटाळवाणा म्हणून त्यावर सगळ्यांत कमी बोलणं झालं. १९,००० पगार म्हणजे ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) २१,०००च्या मर्यादेच्या आत, म्हणजे दवाखाना आणि आजारपणातला भत्ता लागू. याची किंमत पुढे कळली.

इथे जरा विषय सोडतो. दादांच्या भाच्याने त्यांना अमेरिकेतल्या यूपीएस या पार्सल कंपनीच्या ड्रायव्हरचा व्हिडिओ दाखवला होता. तपकिरी गाडी, घर, पेन्शन. खोटं नाही ते. तिथे २०२३च्या ऑगस्टमध्ये टीमस्टर्स युनियनने सुमारे ३ लाख ४० हजार कामगारांसाठी पाच वर्षांचा करार मंजूर करून घेतला आणि जुन्या पूर्णवेळ ड्रायव्हरचा ताशी दर कराराच्या शेवटी ४९ डॉलरपर्यंत नेला. पण त्या ड्रायव्हरची गाडी कंपनीची आहे आणि तो स्वतः कंपनीच्या हजेरीपटावर आहे. काम दोघांचं तेच, खोका उचलायचा आणि दारात नेऊन द्यायचा. आपल्याकडे गाडी घसरली, माणूस आजारी पडला, दिवाळीनंतर माल कमी झाला, तर त्याचा फटका कोणी सोसायचा हे कंत्राटाच्या तीन-चार पायऱ्या उतरत उतरत शेवटी ड्रायव्हरच्या ताटात येतं. माझ्या टेबलावरून मला दिसणारा फरक एवढाच आहे, आणि हे काम जन्मभराचं की चार वर्षांचं ते त्यावरच ठरतं.

चौथा पर्याय हेवी लायसन्सचा. एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं असलं की अर्ज करता येतो, भोसरीतच सीआयआरटी या रस्ते वाहतुकीच्या संस्थेच्या आवारात चालकांना शिकवतात. चाकणच्या कंपन्यांच्या स्टाफ बसवर पगार बरा, उचलाउचल शून्य. मला हा पर्याय मनापासून आवडला होता. दादांना नाही. ‘बसमध्ये नुसतं बसायचं, नि सकाळी चारला उठायचं.’ शिवाय शिकण्याचा महिनाभर खाडा कोण सोसणार?

पाचवा पर्याय हबच्या आत सुपरवायझरचा होता. रात्रपाळी, कॉम्प्युटर, इंग्रजी मेल. दादा नववीपर्यंत शिकलेले. तो विषय चहा संपायच्या आत संपला.

निर्णय आणि त्यावरच्या अटी

दुसरा पर्याय ठरला, जुनी गाडी. नव्या गाडीला मी नाही म्हटलं, तेव्हा दादा नाराज झाले. दोन दिवस फोन उचलला नाही, मग स्वतःच आले.

अटी मी घातल्या, आणि त्यातल्या काही पतसंस्थेच्या कर्ज समितीच्या नियमांत नव्हत्या.

पहिली, वही. रोज रात्री किलोमीटर, दिलेली पार्सलं, परत आलेली, गॅस, इतर खर्च. मोबाइलमधलं ॲप चालणार नाही, वहीच. दर तीन महिन्यांनी मला दाखवायची.

दुसरी, दोन हप्त्यांची रक्कम बचत खात्यात आधीच पडून असली पाहिजे. कारण वेंडर बिल दिल्यावर पंचेचाळीस दिवसांनी पैसे देतो. म्हणजे ऑक्टोबरचं काम, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बिल, डिसेंबरच्या मध्यावर पैसे. तोवर गॅस रोखीनेच भरायचा.

तिसरी, वेंडरव्यतिरिक्त निदान दोन गिऱ्हाइकं. कर्ज हातात पडायच्या आत दादांना एकच मिळालं, भोसरीतला एक पॅकिंग मटेरियलचा व्यापारी. त्याचा माल आठवड्यातून तीनदा चाकणला जायचा. मी एकावर भागवलं.

चौथी, २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, दोन्ही केंद्राच्या योजनांतले, प्रत्येकी दोन लाखांचे. आणि अटल पेन्शन. त्या योजनेला वयाची चाळिशी ही सीमा आहे. ३७व्या वर्षी महिना ५,०००च्या पेन्शनसाठी १,०८७ रुपये भरावे लागतात, हेच अठराव्या वर्षी सुरू केलं असतं तर २१० लागले असते. वहिनी म्हणाल्या, हे माझ्या पोळ्यांतून जातील. आणि आजवर एकही हप्ता चुकलेला नाही.

कर्जाच्या वरचे १,१०,००० असे जमले: वहिनींच्या भिशीचे चाळीस, गावाकडून आदल्या वर्षीच्या राखून ठेवलेल्या सोयाबीनचे तीस, मेहुण्याकडून उसने चाळीस. गाडी एमएच-१२ची होती, ती एमएच-१४ला नावावर करणं, आरसीवर आमचा बोजा चढवणं आणि फिटनेस संपत आलं होतं ते करून घेणं यात तीन आठवडे गेले. छोट्या मालवाहू गाडीला, एकूण वजन तीन टनांच्या आत असेल तर, परमिट लागत नाही, एवढा एक ताप वाचला. सप्टेंबर २०२३च्या शेवटी पिवळी पाटी लागली. ऑक्टोबरपासून हप्ता.

वहीचं पहिलं पान माझ्याकडे झेरॉक्समध्ये आहे. निळ्या पेनाने, अक्षर मोठं:

‘१२/१०. किमी ७८. माल ११३. दिले १०४. परत ९. गॅस ३९०. रांग ५० मि. पार्किंग २०. चहा ३०. बी-विंग लिफ्ट बंद, ११ मजले, २ वेळा.’

‘रांग ५० मि.’ हे त्यांनी स्वतःहून लिहायला सुरुवात केली. सीएनजी पंपावर रोज पाऊण-एक तास जातो, महिन्याला वीस-बावीस तास होतात, आणि त्याचे पैसे कुठल्याही कोटेशनमध्ये धरलेले नसतात.

पुढे काय झालं

पहिलं वर्ष ओढगस्तीचं पण ठरल्यासारखं गेलं. दोन वेळा हप्ता दहा-बारा दिवस लांबला, दोन्ही वेळा वेंडरचे पैसे अडकल्यामुळे. व्यापाऱ्याच्या फेऱ्यांचे नऊशे रुपये मात्र त्याच दिवशी हातात पडायचे. मग चिखलीतला एक मसाल्याचा गृहउद्योग दुसरं गिऱ्हाईक म्हणून जोडला गेला. तोही कसा, तर त्या बाईंकडे दादा दीड वर्ष पार्सलं नेऊन देत होते. त्यांनीच एक दिवस विचारलं, ‘दादा, आमच्या गोण्या न्याल का?’

डिसेंबर २०२४ मध्ये धक्का बसला. वेंडरचं हबबरोबरचं कंत्राट संपलं आणि नव्या माणसाला गेलं. दादांच्या हातातलं गाडी लावल्याचं पत्र एका पानाचं होतं, त्यात मुदतच नव्हती. मुदत नाही म्हणजे कायमचं, असं दादा समजत होते. खरं तर मुदत होती, ती वरच्या कागदात होती आणि तो कागद आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. ही चूक माझी. हजारो फायली तपासलेल्या माणसाने ‘तुमचं कंत्राट कधी संपतं?’ एवढं वेंडरला फोन करून विचारायला हवं होतं. मी गाडीचं चेसिस नंबरपासून सगळं तपासलं आणि जिथून पैसा येणार तो झरा तपासला नाही.

नवा वेंडर महिन्याचा ठरीव आकडा द्यायला तयार नव्हता. पोचलेल्या पार्सलमागे १७ रुपये, परत आलेल्याचे शून्य. हबवरच्या बाकीच्या ड्रायव्हरांनी शंभर गुणिले सतरा गुणिले सव्वीस केलं, ४४,२०० आले, आणि पहिल्याच दिवशी होकार दिला. दादांनी वही काढली. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या तोंडावर रोज सरासरी ११८ पार्सलं पोचली होती. आदल्या फेब्रुवारीत ७१. आणि नव्या वेंडरने त्याच भागात तीन गाड्या जास्त लावल्याचं पार्किंगमध्येच दिसत होतं. अडुसष्ट पार्सलं धरली तर महिना तीस हजार होतो.

त्यांनी गाडी उभी केली. एकोणीस दिवस. व्यापाऱ्याच्या आणि मसाल्याच्या फेऱ्या तेवढ्या चालू. त्या एकोणीस दिवसांत वहिनींचे मला दोन फोन आले, रागाचे नव्हते, नुसते ‘बरोबर करतायत ना ते?’ विचारणारे. मी हो म्हटलं. खात्री नव्हती. बचत खात्यात ठेवलेल्या दोन हप्त्यांपैकी एक त्यात गेला.

विसाव्या दिवशी वेंडरचा फोन आला, कारण रहाटणीतल्या पत्त्यांवर नव्या पोरांची पार्सलं परत येत होती. दादा वही घेऊनच गेले. रोज किमान ७५ पार्सलांचे पैसे पक्के, माल कमी आला तरी, आणि दुपारी तीननंतर गाडी मोकळी. हबच्या भाषेत ‘एमजी’, म्हणजे मिनिमम गॅरंटी. बाकी कुणाला ते मिळालं नाही. वहीत चौदा महिन्यांचे आकडे होते आणि समोरच्याकडे एकाच महिन्याचे, एवढंच त्याचं कारण.

मार्च २०२५ मध्ये गुडघा गेला. जिन्यावर फरशी पुसलेली ओली होती, हातात बारा किलोचा खोका. अस्थिबंध दुखावला, पाच आठवडे जिना बंद. पगारावर राहिले असते तर ईएसआयमधून उपचार आणि कामावरच्या दुखापतीचा भत्ता, म्हणजे पगाराच्या नव्वद टक्के, मिळाला असता. मालक झाल्यावर दोन्ही गेले. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं संरक्षण असतं, पण ते मृत्यूला किंवा कायमच्या अपंगत्वाला. वीस रुपयांच्या योजनेचंही तेच. सुजलेला गुडघा कुठल्याच पॉलिसीत बसत नाही. गाडी थांबवली तर एमजी जाणार, म्हणून रोज ८०० रुपयांवर ड्रायव्हर लावला. तीस दिवसांचे चोवीस हजार. शिवाय एमआरआय, फिजिओ. मेहुण्याची उधारी फिटत आली होती ती पुन्हा वाढली.

आता जानेवारी २०२६. गेल्या वर्षाची वही असं सांगते: पार्सलचे महिन्याला सरासरी ३५,०००, खासगी फेऱ्यांचे १६,०००, एकूण ५१,०००. गॅस बारा, हप्ता ८,४२४, विमा अडीच, दुरुस्ती चार, किरकोळ पाचशे. हातात साडेतेवीस हजार. दादांबरोबरचा एक जण पगारावरच राहिला, त्याला आज साडेबावीस मिळतात, पीएफ आता नियमित जमा होतो, आणि गाडी बिघडली तर तो चहा पीत उभा राहतो. दुसऱ्या एकाने हेवी लायसन्स काढलं, तो चाकणच्या स्टाफ बसवर २७ हजारांवर आहे. तीन माणसं, एकाच हबवरून निघालेली, अडीच वर्षांनी एवढ्याच अंतरावर.

दादांच्या बाजूला जमेला काय? सप्टेंबर २०२६ मध्ये शेवटचा हप्ता, मग हातात बत्तीस हजारांच्या आसपास. त्या दिवशी गाडी सात वर्षांची असेल, आणि आठ वर्षांनंतर फिटनेस दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावं लागतं. दोन गिऱ्हाइकं आहेत, ती मात्र पूर्ण त्यांची. तो सोळा हजारांचा आकडा कुठल्याही हबचं कंत्राट संपलं तरी हलत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

२०२० मधला १०-सी हा पहिला फाटा होता, गाडीच्या कितीतरी आधीचा. पीएफ काढणं समजू शकतो, घरात दाणा नव्हता. पेन्शनची सेवा तेवढी सर्टिफिकेटमध्ये ठेवली असती आणि वेंडरने एकोणीस महिने नीट भरले असते, तर दहा वर्षांना तेरा महिने कमी पडले असते. तेरा महिन्यांची पगारी नोकरी आयुष्यात कधीही करता येते. हे कळल्यावर दादा बराच वेळ काही बोलले नाहीत.

वेंडरचा न भरलेला पीएफ. जुलै २०२३ मध्ये दादा अजून त्याच्याच पगारावर होते, तक्रार तेव्हाच करायला हवी होती. आम्ही केली नाही, कारण त्याच वेंडरकडे गाडी लावायची होती. हा हिशेब आम्ही तोंडाने कधी केला नाही, पण दोघांनाही कळत होता. आठ महिन्यांची रक्कम आजही आलेली नाही.

गुडघा. अर्जातल्या ‘निरंक’वर मी सही केली. तेव्हाच पाच लाखांची साधी आरोग्य पॉलिसी घ्यायला लावायला हवी होती, किंवा आयुष्मान कार्ड निघतं का ते बघायला हवं होतं. ई-श्रमवर (असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर) नाव नोंदवायलाही दादांना २०२५ उजाडलं, आणि तेही त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात गिग कामगारांना (ॲपवरून सुटी कामं घेणाऱ्यांना) तिथून आरोग्य योजनेत घेण्याची घोषणा झाल्याचं वाचून मी मागे लागलो म्हणून. नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्यात प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधी भरायचा आहे. पण दादा प्लॅटफॉर्मचे कामगार, की वेंडरला गाडी भाड्याने देणारे मालक? कंपनी आणि वेंडर, दोघांनाही त्यांना दुसरीकडचं समजण्यातच सोय आहे.

नवी गाडी नाकारली ते मात्र पुन्हा तसंच करेन. साडेबारा हजारांचा हप्ता असता तर डिसेंबर २०२४ मध्ये ते एकोणीस दिवस गाडी उभी करू शकले नसते. पहिल्या दिवशी होकार देणाऱ्यांच्या रांगेत तेही असते.

हेवी लायसन्सबद्दल माझं आणि दादांचं अजून पटत नाही. मी म्हणतो, पंचेचाळिशीला लागेल म्हणून आत्ता काढून ठेवा. ते म्हणतात, पावसाळ्यात बघू. तीन पावसाळे झाले.

गेल्या आठवड्यात ते पुन्हा आले, या वेळी वही न मागता टेबलावर ठेवली. दुसऱ्या गाडीसाठी अर्ज आहे. हबवर एका गाडीची जागा होतेय, तिच्यावर ड्रायव्हर ठेवायचा, आपण खासगी फेऱ्या बघायच्या, गुडघ्यालाही आराम. हिशेब या वेळी त्यांनीच करून आणला होता आणि बरोबर होता. कंत्राट कधी संपतं तेही विचारून आले होते.

‘ड्रायव्हरला काय देणार?’ मी विचारलं.

‘सतरा. फार तर अठरा.’

‘आणि पीएफ?’

दादा हसले. ‘एका माणसाला कुठला पीएफ, साहेब? वीस माणसं असली तर लागतो.’

कायद्याने त्यांचं बरोबर आहे. फाईल अजून माझ्या टेबलावरच आहे.